त्याच्या वाट्याचं फूल

निळ्या डोंगराच्या कुशीत, जिथं सकाळचं धुकं मांजरीच्या पिल्लासारखं अंगाचं वेटोळं करून झोपतं, तिथं एक भलीमोठी बाग होती. लालचुटुक गुलाब, पिवळीधमक शेवंती, केशरी अबोली आणि दुधासारखा पांढराशुभ्र मोगरा. वारा आला की सगळी बाग डुलायची, जणू रंगीत परकर घातलेल्या मुली फुगडीच घालताहेत.

आणि एवढ्या सगळ्या रंगांच्या टोकाला, विहिरीच्या मागं, एक बिनरंगाची झोपडी होती. इवलीशी. आवडी पाय ताणून झोपली की तिचे अंगठे दाराबाहेर यायचे आणि पहाटेच्या दवानं गार पडायचे. आवडीचे आबा, सोनबा, या बागेचे माळी. तिची आई सारजा माळा गुंफायची. बाग फुलांनी ओसंडायची, पण आवडीच्या घरातलं पिठाचं मडकं मात्र कायम तळाला गेलेलं. भाकरी व्हायची तीही अशी पातळ, की उजेडात धरली तर पलीकडचा जाळ दिसावा.

या घराची एक रीत होती. आई पहिली भाकरी तव्यावरून काढली की तिची कोर मोडायची आणि दाराबाहेरच्या चपट्या दगडावर पानात ठेवायची. "वाटेच्या पाहुण्याची," म्हणायची. पाहुणा कधी मुंग्या असायच्या, कधी कावळा, कधी वाट चुकलेला एखादा म्हातारा. आवडीच्या पोटातही कावळे ओरडत असायचे, पण मान बाहेरच्या कावळ्याचा.

आबांचंही तसंच. फुलं तोडताना ते प्रत्येक झाडावर एक फूल राहू द्यायचे, तेही सगळ्यात टपोरं. मग ओले हात धोतराला पुसून जोडायचे आणि हळूच म्हणायचे, "हे त्याचं." कुणी म्हणालं, "सोनबा, तुझ्या हाताला गुण आहे बरं का," की ते लाजून वर बघायचे. "मी नुसता पाणी घालणारा. फुलवणारा निराळा."

बागेत गवत काढायला येणारी हौसा तोंडावर म्हणायची, "सोनबाभाऊ, असंच वाकत राहिलात तर एक दिवस नाक मातीत रुजेल तुमचं. मग आम्ही त्याला पाणी घालू." आबाही हसायचे. आवडीला मात्र हसू यायचं नाही.

"आबा, तुम्ही सारखे का वाकता?" तिनं एकदा विचारलंच.

"न वाकता आळं करता येतं का, बाय?" असं म्हणून आबा गुलाबाच्या बुंध्याशी माती सारखी करायला बसले. आवडीला काही ते उत्तर पटलं नाही.

बागेच्या मालकीणबाईंना सगळे वहिनीसरकार म्हणत. त्यांनी टेकडीवर नवा महाल बांधला होता आणि वास्तुशांतीला महालाचा खांब न् खांब फुलांनी मढवायचा, असं त्यांच्या मनात आलं होतं. एका सकाळी त्या मोरपंखी शालू सावरत बागेत आल्या.

"सोनबा, आज सगळी फुलं हवीत. एकही झाडावर राहता कामा नये."

आबांनी हात जोडले. "सगळी घ्या, सरकार. झाडामागं एक तेवढं राहू द्या. ते माझं नाही, आणि रागावू नका, पण ते तुमचंही नाही."

"बाग माझी. माती माझी. विहीर माझ्या सासऱ्यांनी खोदली. मग फूल कुणाचं?"

"ते रंगवलं कुणी, सरकार?"

हौसाच्या हातातलं खुरपं थांबलं. वहिनीसरकारांच्या नाकातली नथ थरथरली.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मग त्या रंगवणाऱ्याच्याच घरी जाऊन राहा. उद्या सूर्य चाफ्याच्या शेंड्यावर आला की झोपडी रिकामी दिसली पाहिजे."

आबांनी मान खाली घातली, पण हात काही फुलाला लावला नाही. "निघतो, सरकार. पण ते एक फूल माझ्या हातनं तुटायचं नाही."

मग दुसऱ्या माणसांनी बाग ओरबाडली. संध्याकाळपर्यंत लाल, पिवळं, केशरी, पांढरं सगळं टोपल्यांतून टेकडीवर गेलं. मागं राहिली नुसती हिरवी पानं आणि काटे. मधमाश्या आल्या, गोलगोल फिरल्या आणि न बसताच परत गेल्या.

तिन्हीसांजेला आई चुलीपुढं बसली होती. आवडी दाराआड, गुडघ्यांत तोंड खुपसून.

"तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत," आई आबांना म्हणाली. "पण मला घोर लागलाय तो पोरीचा. आपण वाकतो, आपण ठेवतो, आपण देतो. हे बघून ती काय शिकेल? उद्या जग तिला तुडवून पुढं जाईल. मी तिच्या ताटातली कोर रोज बाहेर ठेवते. कधी कधी वाटतं, माझंच तर चुकत नाही ना?"

आबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "भीती मलाही वाटते, सारजा. पण एक सांगू? सकाळी त्याच्यापुढं वाकून आलो ना, की मग सरकारांची भीती वाटत नाही. पोरीला द्यायला माझ्यापाशी दुसरं काही नाही."

आवडीला त्यातलं अर्धंच कळलं. जे कळलं त्याचा तिला रागच आला.

झुंजूमुंजू व्हायच्या आधी ती उठली आणि अनवाणी बागेत गेली. आभाळ कबुतराच्या पंखासारखं राखी होतं. सगळी झाडं ओकीबोकी. फक्त विहिरीच्या कठड्याखाली, दगडाच्या फटीत उगवलेल्या एका चिमुकल्या मोगऱ्यावर एक कळी उमलत होती. फूल तोडणाऱ्यांना ती दिसलीच नव्हती.

"तू तेवढी कशाला राहिलीस?" आवडी म्हणाली. "तुझ्यामुळं आमचं घर गेलं. तुलाही तोडते आता."

तिनं हात पुढं केला. बोटं देठापर्यंत गेली, आणि तिथंच थांबली. तिनं पुन्हा हात नेला. पुन्हा थांबला.

"का गं? तोड की," कुणीतरी म्हणालं. आवाज इतका बारीक, की दवाचा थेंब पानावरून घरंगळला असं वाटावं.

पाकळ्यांच्या मधोमध एक परी बसली होती. आवडीच्या करंगळीएवढी. चंदेरी झगा, केसांत मोहरीएवढी चांदणी. पण तिचे पंख पार विटलेले, पाण्यात भिजलेल्या कागदासारखे.

"हात ऐकत नाही माझा," आवडी हिरमुसून म्हणाली.

"चांगला हात आहे. कुणाकडून घेतलास?"

"आबांकडून असेल. त्यांचाही असाच आहे. बिनकामाचा."

परी खुदकन हसली आणि लगेच दमली. "आवडी, माझ्यापाशी तीन इच्छा आहेत. माग. पण परीराणीचा नियम आहे. जे मिळेल ते सगळं तुमचं. त्यातला कणही काढून कुणासाठी ठेवायचा नाही. ठेवला की सगळंच जाईल."

"एवढंच?"

"एवढंच. या नियमानं आजवर कुणाचं काही अडलं नाही बघ. मिळालेलं कुणी ठेवून देतच नाही."

आवडीनं डोळे मिटून मागितलं, "आई-आबांना आणि मला पोटभर जेवण."

झुळूक आली, सोनेरी धूळ उडाली, आणि तिच्या हातात एक दुरडी आली. दुरडीत लुसलुशीत पुरणपोळ्या, वाडग्यात कणीदार तूप, द्रोणात केशरी आमरस. वाफ अशी गोडगोड, की वाटेत आवडीला दोनदा थांबून नुसता वास घ्यावा लागला.

"आई, आधी खा," ती धावत आत येत म्हणाली. "काही विचारू नको. आणि काही काढून ठेवू नको हं, नाहीतर..."

"अगं पण आणलंस कुठून? कुणी दिलं? अशी अंधारात कुठं गेली होतीस? साप असतात तिथं, किती वेळा सांगितलं..." आई बोलत होती, डोळे लेकीच्या चिखलानं भरलेल्या पावलांवर होते, आणि बोलता बोलता तिच्या हातानं पहिल्या पोळीची कोर मोडली, पानावर ठेवली, पान दाराबाहेर सरकवलं. तिला कळलंही नाही.

फुस्स. दुरडी गेली. तूप गेलं. नुसता वास तेवढा झोपडीभर रेंगाळला.

आवडीनं सगळं सांगितलं तेव्हा आई आपल्या हाताकडंच बघत राहिली. "मेल्या हाताला वळणच पडलंय गं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्या तोंडचा घास गेला माझ्यामुळं."

आवडी पुन्हा बागेकडं पळाली. या वेळी मोठं मागायचं. आबांची स्वतःची बाग, जिथून कुणी हाकलणार नाही.

परीनं पंख हलवले, आणि झोपडीच्या मागच्या खडकाळ जागेवर एक बाग उगवली. गुलाबी, जांभळी, शेंदरी, आकाशी. पानापानांवर हिऱ्याचे कण, पाटात झुळझुळ पाणी, वेलींवर चिमण्या घंटांसारखी फुलं. आवडीनं आबांना हाताला धरून आणलं आणि नियम नीट समजावून सांगितला. दोनदा सांगितला.

"आबा, परडी घ्या. सगळी फुलं तोडायची. सगळी. आज एकदाच ते तुमचं 'हे त्याचं' नको ना."

आबांनी परडी घेतली. गुलाबाची फुलं एकेक तोडली. शेवटचं, सगळ्यात टपोरं राहिलं, तेव्हा ते थांबले. मग आवडीसमोर उकिडवे बसले, म्हणजे त्यांचे डोळे तिच्या डोळ्यांसमोर आले.

"आवडे, कालची बाग सरकारांची होती. तरी मी त्याचं ठेवलं. आज बाग माझी झाली म्हणून मी त्याला विसरू? मग कालचा मी खोटा होतो ना, बाय?"

"पण आपण राहायचं कुठं?"

"ते मलाही ठाऊक नाही."

आबा उठले. त्यांनी हात पुसले, त्या फुलापुढं जोडले. "हे त्याचं," म्हणाले. आवाज थोडा कापला, पण म्हणाले.

बाग दवासारखी वितळली. खाली पुन्हा खडक.

आवडी रडली नाही. तिनं पाय आपटला. "तुमच्या देवाला आमचं पोट दिसत नाही का?"

आबा रागावले नाहीत. "हे त्यालाच विचार. रागानं विचारलंस तरी चालेल. मीही विचारतो कधी कधी."

पूर्वेला आभाळ आता आंब्याच्या गराच्या रंगाचं झालं होतं. सूर्य चाफ्याच्या अर्ध्यावर आला होता. आवडी कठड्याखाली जाऊन बसली. परी आता इतकी फिकट झाली होती, की तिच्या आरपार मोगऱ्याची पाकळी दिसत होती.

"एकच राहिली," परी म्हणाली. "तुला एक युक्ती सांगू? असं माग, की आई-आबांचं ते वळण जावं. आईच्या हाताला कोर मोडायचं आठवणार नाही. आबांचे हात जुळणार नाहीत. तसं मागितलंस ना, की दुरडीही परत येईल आणि बागही, आणि जन्मभर टिकतील. कुणाला कळणारही नाही."

आवडीनं विचार केला. खरंच केला, कारण तिला खूप भूक लागली होती. तिच्या डोळ्यांसमोर तो चपटा दगड आला, रिकामा. मुंग्यांची रांग आली, थांबली, परत फिरली. आबा परडी भरून चाललेत, पण वर बघतच नाहीत. आई पुरणपोळी वाढतेय, पण तिच्या हाताला काही आठवत नाही.

"मग ते माझे आई-आबा राहतील का?"

"चेहरे तेच राहतील."

आवडी उठून उभी राहिली. "मग नको."

"नीट विचार कर, राणी. उन्हं वर चढताहेत."

"केला विचार. आम्ही खडकावर राहू. झाडाखाली राहू. माझ्या आईचा हात बदलायचा नाही आणि आबांचाही नाही. तुझा नियमच वाईट आहे, परीताई. तुझ्या राणीला सांग, आवडीला तो मान्य नाही."

"मग तिसऱ्या इच्छेचं काय करू मी?"

आवडीनं मोगऱ्याच्या त्या एका फुलाकडं पाहिलं. आणि तिच्या एकदम ध्यानात आलं.

"आमच्यात आधी त्याचं काढतात. मी दोन्ही इच्छा आमच्यासाठीच मागितल्या, त्याचं काढायचं राहूनच गेलं. ही त्याची. ठेव इथंच, झाडावर."

तिनं परकराला हात पुसले, जोडले, आणि फुलापुढं मान लववली.

"वा," मागून आवाज आला. वहिनीसरकार झोपडी रिकामी झाली का ते बघायला आल्या होत्या. आई-आबाही गाठोडं घेऊन पायवाटेवर उभे होते. "बापाचीच लेक. पोरी, वाकायचंच असेल तर इकडं वाक. या बागेत माझ्याशिवाय कुणाचा वाटा नाही एवढं म्हण, आणि खुशाल राहा झोपडीत. तुझ्या आईबापासकट."

आईनं गाठोडं छातीशी धरलं. पोर आता काय म्हणेल?

आवडी वळली. तिची मान सरळ झाली, देठासारखी. हात अजून जोडलेलेच होते.

"नाही, सरकार. ते खोटं आहे. खोटं बोलून मी राहणार नाही."

आवाज मोठा नव्हता. उद्धटही नव्हता. पण तो ऐकून आईच्या छातीवरचा कालपासूनचा दगड असा हलका झाला, की तिनं गाठोडं खालीच ठेवलं.

आणि त्याच वेळी उन्हाचा एक किरण कठड्याखालच्या मोगऱ्यावर पडला. परीच्या विटक्या पंखांत आधी गुलाबी रंग भरला, मग निळा, मग सोनेरी. कुठंतरी काचेचा मणी फुटावा तसा किणकिण आवाज झाला.

"नियम तुटला," परी म्हणाली, आणि तिचा आवाज आता पाव्यासारखा गोड होता. "आपली इच्छाच त्याच्यासाठी ठेवणारं कुणी भेटेपर्यंतच तो होता, आवडी. आम्ही पऱ्या कशावर जगतो ठाऊक आहे? तुझ्या आबांनी ठेवलेल्या फुलांवर. काल कुणी एकही ठेवलं नाही, म्हणून मी अशी विझत चालले होते. तू ठेवलंस, आणि आम्ही सगळ्या वाचलो."

सगळ्या? हो, सगळ्या. पानाआडून, काट्यांमधून, मातीच्या ढेकळाखालून इवल्या इवल्या पऱ्या वर आल्या. अबोलीएवढ्या, तगरीएवढ्या, एक तर तिळाएवढी. त्या भिर्रकन उडाल्या, आणि जिथं जिथं त्यांचे पंख लागले तिथं तिथं कळी आली, कळीचं फूल झालं. ओकीबोकी बाग लाल, पिवळी, केशरी, पांढरी होऊन खदखदून हसली. झोपडीच्या मागच्या खडकावरही वेली चढल्या, आणि चपट्या दगडाशेजारी पुरणपोळ्यांची दुरडी आली, वाफाळती.

 वहिनीसरकार सवयीनं पुढं झाल्या आणि त्यांनी गुलाबाला हात घातला. गुलाब मिटला. शेवंतीला हात लावला, शेवंती मिटली. जिथं त्या जातील तिथं बाग पापण्या मिटून घ्यायची.

"सोनबा," त्या शेवटी हळूच म्हणाल्या, "हे असं काय करतंय?"

"झाडामागं एक ठेवतो म्हणून बघा, सरकार. उघडतील." आबांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते वहिनीसरकारांना जास्त लागलं.

त्यांनी मिटलेल्या बागेवरून एकदा नजर फिरवली. मग खांद्यावरचा पदर सारखा करत, कुणाकडंही न बघता, पुटपुटल्या, "बरं. एक राहू दे. तुमच्या त्याचं."

गुलाब उघडला. अगदी सावकाश, जरा भाव खात.

"आणि झोपडी रिकामी करायची गरज नाही," त्या जाता जाता म्हणाल्या. "छप्पर शाकारून घ्या. मी माणसं पाठवते."

हौसा खुरपं घेऊन वाटेवर येऊन उभी होती, तिचं तोंड उघडं ते उघडंच. "सोनबाभाऊ," ती म्हणाली, "नाक रुजलं म्हणायचं तुमचं."

परी आवडीच्या खांद्यावर येऊन बसली. तिचं वजन जाईच्या पाकळीएवढं. "आता मी निघते. ती इच्छा मी इथंच ठेवलीय, तू सांगितलंस तशी. ज्याची आहे तो बघेल तिचं काय करायचं."

"परत येशील?"

"दर झाडावर एक फूल असेल ना? मग मी गेलेच कुठं?"

ती वर उडाली. चाफ्याच्या शेंड्याला सूर्य टेकला होता, आणि ती त्या उन्हात शिरली. क्षणभर सगळी बाग अशी लखलखली की आवडीला डोळे मिटावे लागले. उघडले तेव्हा परी नव्हती. हवेत सोनेरी कण तेवढे तरंगत होते, आणि मोगऱ्याचा वास.

आई दुरडीशी बसली. तिनं पुरणपोळी हातात घेतली, आणि थबकली. ही कोर मोडली तर पुन्हा सगळं जाईल का? पोर उपाशी आहे. तिचा हात तसाच अडकून राहिला.

आवडीनं आईच्या हातातून पोळी घेतली. चांगली मोठी कोर मोडली, पानात ठेवली आणि दगडावर नेऊन ठेवली. मग कमरेवर हात ठेवून, दुरडीकडं टक लावून उभी राहिली. जायचं तर जा बघू, असं म्हणत असल्यासारखी.

दुरडी गेली नाही. दगडावर मुंग्यांची रांग आली.

"आता जेवूया," आवडी म्हणाली. "मला कधीची भूक लागलीय."

एक फूल झाडावर राहिलं, एक कोर दगडावर राहिली, आणि उरलेली गोष्ट तुमच्या ओंजळीत आली. ती सगळी एकट्यानं खाऊ नका. थोडी कुणासाठी तरी काढून ठेवा.